शिवलेली पोती उघडू नका

एका हळद उत्पादकाचा प्रश्न आहे. भरणीच्या वेळी, म्हणजे झाडांच्या बुंध्याला माती लावताना, घातलेलं मिश्र खत निकृष्ट निघालं, पानं पिवळी पडली, गड्डे पोसले नाहीत, उतारा निम्म्यावर आला आणि रंग फिका म्हणून व्यापाऱ्याने भावही पाडला. दुकानदार म्हणतो, खत चोख आहे, तुमची जमीनच चुनखडीची. मग यांनी शिल्लक तीन पोत्यांपैकी एक उघडलं आणि खासगी प्रयोगशाळेत नमुना दिला. अहवालात पोटॅश कमी आलं. या अहवालावर भरपाई मिळेल का?

एकट्या या अहवालावर मिळणं अवघड आहे. पोतं तुम्ही उघडलंत, नमुना तुम्ही काढलात, समोरचं कोणी हजर नव्हतं. नमुना त्याच खताचा होता कशावरून, एवढं विचारलं की कंपनीच्या वकिलाचं काम झालं. असे अहवाल घेऊन दर हंगामात लोक येतात. पोतं उघडण्याआधी एकदा विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आता सगळी मदार उरलेल्या दोन पोत्यांवर आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधलं कलम ३८ पाहा. मालातला दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल, तर जिल्हा ग्राहक आयोग स्वतः नमुना घेतो, सील करतो आणि योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो. अहवालाला ४५ दिवसांची मुदत आहे. म्हणून तक्रार दाखल कराल त्याच दिवशी नमुना तपासणीचा वेगळा अर्ज द्या. पुढच्या तारखेला देऊ म्हणू नका. तपासणी लागणारी तक्रार पाच महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा, असं कायदा सांगतो. तारखा कशा पडतात ते तुम्हीही ऐकून असाल. तोवर खत ओल धरून दगड झालं, तर कंपनी साठवणुकीला दोष देईल. पोती कोरड्या खोलीत फळ्यांवर ठेवा. शिवण आणि पोत्यावर छापलेला बॅच नंबर, उत्पादनाचा महिना, अन्नद्रव्यांची टक्केवारी यांचे जवळून फोटो घ्या. बॅच नंबर पक्क्या बिलाशी जुळवा. बिल हातचिठ्ठीचं असेल तर मात्र खरेदी सिद्ध करण्यापासूनच झगडावं लागेल.

राष्ट्रीय बीज निगमच्या निकृष्ट बियाण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये शेतकऱ्याच्या बाजूने निकाल दिला, तो तुम्हाला कोणीतरी दाखवेलच. शेतकरी ग्राहक ठरतो, यासाठी तो उपयोगी आहे. पण तिथे मुद्दा असा होता की शेतकरी सगळं बियाणं पेरून टाकतो, तपासणीसाठी राखून ठेवत नाही. तुमच्याकडे माल शिल्लक आहे. तो असताना तपासणी का मागितली नाही, याला तुमच्याकडे उत्तर नसेल.

चुनखडीच्या बचावाला घाबरू नका, पण हलकाही समजू नका. चुनखडीच्या जमिनीत हळदीला लोह मिळत नाही. तेव्हा कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. पोटॅश कमी पडलं तर जुन्या पानांच्या कडा आधी करपतात. तुमच्या मोबाइलमधल्या फोटोंत कोणती पानं पिवळी आहेत, ते कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञाला दाखवा आणि मत लेखी घ्या. माती आता तपासली तरी सामू (पीएच) आणि चुन्याचं प्रमाण फारसं बदललेलं नसेल, ते कळेल. उपलब्ध पोटॅशचा आजचा आकडा मात्र भरणीच्या वेळचा म्हणून चालणार नाही. शेजारच्या तशाच जमिनीत दुसरं खत घालून हळद चांगली आली असेल, तर त्या शेतकऱ्याचं प्रतिज्ञापत्र आणि विक्रीच्या पट्ट्या फार मोलाच्या. पाणी साचून कंदकुज झाली होती का, हेही विचारलं जाईल. खरं तेच सांगा.

उभ्या पिकात पानं पिवळी दिसत होती, तेव्हाच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून पंचनामा का मागितला नाही? काढणी झाल्यावर शेतात पाहण्यासारखं काही उरत नाही. तो पुरावा तुम्ही हातचा घालवलात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

रंगाची मागणी सोडून द्या असं माझं मत. रंग आणि कुरकुमीन (हळदीला पिवळेपणा देणारा घटक) हे जात, पक्वता, शिजवणं, वाळवणं यांवरही ठरतं. तो मुद्दा घेतलात की उलटतपासणी तुमच्या कढईपाशी जाऊन थांबेल. घटलेल्या उताऱ्यापुरती भरपाई मागा.

खत नियंत्रण आदेश, १९८५ खाली खत निरीक्षकाकडे तक्रार जरूर द्या. दुकानात त्याच बॅचचा माल अजून असेल तर त्यांना नमुना घेता येईल. त्या कारवाईतून भरपाई मिळत नाही, म्हणून तिची वाट पाहत बसू नका. आयोगाकडे जायची मुदत दोन वर्षांची आहे. ती काढणीपासून धरावी असा युक्तिवाद होऊ शकतो, पण तुम्ही बिलाच्या तारखेपासूनच मोजा. नोटीस स्पीड पोस्टाने याच आठवड्यात पाठवा, दुकानदार आणि उत्पादक दोघांनाही.