छोट्या विमानातून गोव्याचा किनारा: तारीख ठरवण्याआधी ओहोटी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात चौघं जण, मित्राचं चार आसनी सेसना १७२, इंधनाचे पैसे तुम्ही देणार, आणि उत्तर टोकाच्या तेरेखोलपासून दक्षिण टोकाच्या पोळे गावापर्यंतचा किनारा वरून बघायचा. कोणत्या बाजूला बसावं, हेही विचारलंय. बाजूचं नंतर सांगतो, आधी पैशांचं बोलू.

खासगी नोंदणीच्या विमानातून मोबदला घेऊन माणसं नेता येत नाहीत. वैमानिकाचा परवाना खासगी असेल तर त्यालाही मोबदल्यासाठी उडता येत नाही. "फक्त पेट्रोलचे देतो" हे आपल्या गाडीच्या हिशेबात ठीक, इथे नाही. काही बिनसलं तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारणार. मित्र पाहुणा म्हणून नेत असेल तर पाहुण्यासारखे जा आणि उतरल्यावर त्याला चांगलं मासळीचं जेवण घाला. पैसे मोजूनच जायचं असेल तर डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचा, नॉन-शेड्यूल्ड (वेळापत्रकाशिवाय भाड्यानं उडण्याचा) परवाना असलेला चालक शोधा.

दुसरं, चार आसनं म्हणजे चार माणसं असं नसतं. या विमानाच्या टाक्या भरल्या की साधारण दीडशे किलो इंधन होतं. मग माणसं आणि सामान मिळून अडीचशे किलोच्या आतबाहेर उरतात, आणि त्यात वैमानिकही आला. म्हणजे तुम्ही चौघं अधिक मित्र हा हिशेब आसनांतच बसत नाही, वजनात तर नाहीच. दोन फेऱ्या करा. वजन विचारल्यावर लाजून पाच किलो कमी सांगू नका.

आता गंमत ऐका. गोव्याचा किनारा हवेतून सरळ मोजला तर जेमतेम शंभर किलोमीटर. हे विमान ताशी दोनशेच्या आसपास जातं, म्हणजे अर्ध्या तासात गोवा संपला! लोक इथेच हिरमुसतात. शिवाय वरून सगळ्या पुळणी सारख्याच दिसतात. कळंगुट कुठे संपलं आणि कांदोळी कुठे सुरू झालं, हे मला आजही शॅकच्या दाटीवरून ओळखावं लागतं. बघण्यासारखी आहेत ती नदीमुखं.

तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावर किल्ला एकटाच उभा दिसतो. गोव्याचा तो तुकडा नदीपलीकडे कसा राहिला ते वरून एका नजरेत कळतं. मग शापोरा आणि आगरवाड्याची मिठागरं. मांडवी आणि जुवारीपाशी जरा आत वळायची परवानगी मिळाली तर सोडू नका. दोन्ही नद्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा दिसला की तिसवाडी हे खरोखर बेट आहे हे पटतं. चोडण, दिवाडी, मधली खारफुटी, आणि खाजनांचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांचे बांध. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधात बसवलेली मानस, म्हणजे पाण्याची झडप, खालून जाताना लक्षातही येत नाही. वरून मात्र प्रत्येक मानशीपाशी पाण्याचा रंग बदललेला दिसतो. सासष्टीत साळ नदी समुद्राला जवळजवळ समांतर वाहत राहते आणि मोबोर-बेतुलपाशी एकदाची बाहेर पडते. पुळण, माड, नदी, शेत असे चार पट्टे शेजारी शेजारी. खाली उभं राहून हे कधीच दिसत नाही.

म्हणून ओहोटी. पाणी उतरलं की मुखांवरच्या वाळूच्या दांड्या उघड्या पडतात, भरतीत सगळं एकसारखं निळं-मातकट. इथे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी संध्याकाळकडे पडते. मुरगावचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघून दिवस नक्की करा.

संध्याकाळच का? किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी हवा शांत असते, पण समुद्रावरून जमिनीकडे बघताना सूर्य डोळ्यांत. दुपारी खारा वारा सुटतो आणि विमान हिसके खातं. एकदा मार्चमध्ये सकाळी अकराला मी मेहुण्यांना घेऊन गेलो. चूक माझीच, वेळ मी निवडली होती. धुरकट हवा, काब द रामच्या कड्यापाशी धक्के, आणि पुढचं आगोंद, पाळोळे त्यांनी कागदी पिशवीत तोंड घालूनच केलं. चारनंतर वारा मंदावतो आणि ऊन समोरून किनाऱ्यावर पडतं. फक्त हे लक्षात ठेवा की नजरेच्या भरवशावरचं उड्डाण सूर्यास्तापुरतंच आणि डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो. त्याआधी उतरून मोकळं व्हायचं.

बाजू: समुद्रावरून दक्षिणेला जाताना जमीन डावीकडे, म्हणजे वैमानिकाकडे. परतताना उजवीकडे. मागे दोघं असतील तर भांडायची गरज नाही, जाताना एकाचं, येताना दुसऱ्याचं. सेसनाचा पंख डोक्यावर असल्यानं खाली मोकळं दिसतं. गडद रंगाचा शर्ट घाला, पांढरा काचेत उमटतो. फोन काचेला टेकवला तर इंजिनाच्या थरथरीनं सगळे फोटो हलतात.

परवानगीचं मित्राला माहीत असेलच, तरी सांगतो. फ्लाइट प्लॅन आणि हवाई संरक्षणाच्या मंजुरीचा एडीसी नंबर लागतो. दाबोळी विमानतळ हा नौदलाचा तळ, आयएनएस हंसा. तिथलं नियंत्रणही नौदलाचं. दाबोळी आणि मोपा दोन्हीकडच्या धावपट्ट्या पूर्व-पश्चिम, म्हणजे उतरणारी मोठी विमानं नेमकी तुमची वाट ओलांडतात. "बोगमाळोच्या बाहेर थांबा" असं सांगून गोल फिरवतील, किंवा समुद्रात लांब काढतील. दहा-पंधरा मिनिटांचं जास्तीचं इंधन त्यासाठी धरा. दाबोळीच्या आसपास फोन खिशात ठेवा. पोळ्याच्या पुढे कारवारला आयएनएस कदंब आहे आणि अंजदीव बेटही नौदलाकडे, तेव्हा दक्षिणेला काब द रामपासूनच मागे फिरलेलं बरं. त्यापेक्षा उत्तरेला मालवणपर्यंत जा. सिंधुदुर्ग किल्ल्याची वळणदार तटबंदी पूर्ण एका चौकटीत मावते, आणि वाटेत वेंगुर्ल्याचे खडक नि दीपगृह.

पाण्यावर जायचं तर लाइफ जॅकेट आधीच अंगात घाला, पण आत बसून फुगवू नका; पाणी शिरलं तर फुगलेलं जॅकेट छताला दाबून धरतं आणि दारातून निघता येत नाही. इंजिन बंद पडलं तर तीन हजार फुटांवरून हे विमान साधारण आठ किलोमीटर तरंगत जातं, म्हणून किनाऱ्यापासून त्याहून लांब जायचं नाही. नियंत्रकानं लांब काढलं तर जास्त उंची मागायची. डिसेंबरात पुळणीवर माणसांची केवढी गर्दी असते ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून वेळ आलीच तर उतरायला कोलवा ते मोबोर या पट्ट्यात कुठे मोकळी जागा दिसते, हे मी प्रत्येक वेळी जाताना मनात नोंदवत जातो. मित्रालाही तेवढं विचारून ठेवा.