कुत्र्याची खाज काही केल्या थांबत नाही, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की तुमचा 3 वर्षांचा लॅब्राडोर चार महिने पंजे चाटतोय, कान खाजवतोय, दोन शॅम्पू बदलून झाले, खाणं बदलून झालं, आणि पिसवा तर कुठे दिसतच नाहीत. मी डॉक्टर नाही. पण आमच्या कुत्रीच्या खाजेपायी दीड वर्ष घालवलंय आणि त्यातले पहिले आठ महिने याच वाक्यामुळे वाया गेले: "पिसवा दिसत नाहीत."

ज्या कुत्र्याला पिसवांची अॅलर्जी असते, तो चाटून-चावून त्या गिळून टाकतो. त्यामुळे अंगावर पुष्कळदा सापडतच नाहीत. अॅलर्जी असते ती पिसूच्या लाळेची, म्हणजे थोडेसे चावेही त्याला पुरतात. बारीक दातांची फणी घ्या, शेपटीच्या बुडाशी आणि कंबरेवर फिरवा आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. कणांभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसूची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. आमच्याकडे तो डाग पहिल्याच झटक्यात पसरला, आणि मी तोवर खाण्याचे चार ब्रँड बदलले होते!

कण नाही सापडले तरी पिसवांचं औषध नेमाने सुरू करा आणि किमान तीन महिने चुकवू नका. अंगावर असतात त्या प्रौढ पिसवा, बाकीचा बहुतेक कारभार (अंडी, अळ्या, कोष) अंथरुणात आणि फटींत चाललेला असतो आणि कोष तर महिनोन् महिने टिकतात. घरातल्या सगळ्या प्राण्यांना औषध द्या. मात्र मांजर असेल तर कुत्र्याचं औषध तिला कधीही लावू नका. परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं औषध मांजराच्या जिवावर बेतू शकतं.

खाज कुठे आहे ते नीट बघा, अर्धं निदान तिथेच होतं. कंबर आणि शेपटीचं बूड असेल तर पिसवांचा संशय. कानाच्या कडा, कोपरं आणि मागच्या पायांचे घोटे असतील तर खरजेचा किडा. कानाची कड बोटांत धरून चोळली की कुत्रा मागचा पाय झाडायला लागतो, ही खरजेची जुनी खूण. खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तरी हा किडा पुष्कळदा सापडत नाही, म्हणून डॉक्टर नुसत्या संशयावरही उपचार करून बघतात. घरातल्या माणसांनाही खाज सुटली असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, ही खरूज माणसालाही लागते. पंजे, तोंड, काखा, जांघा आणि कान हे वातावरणातल्या (धूळ, परागकण वगैरेंच्या) अॅलर्जीचं नेहमीचं ठिकाण. ही अॅलर्जी बहुधा सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होते. तुमचं वर्णन मला तिकडे झुकणारं वाटतं. अर्थात खाण्याची अॅलर्जीही नेमकी याच जागा धरते.

पण अॅलर्जीच्या मागे लागण्याआधी एक गोष्ट, जी आमच्या पहिल्या डॉक्टरांनी केलीच नाही. त्वचेवर पारदर्शक चिकटपट्टी दाबून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. पाच-दहा मिनिटांचं काम. मूळ कारण काहीही असो, खाजवलेल्या त्वचेवर जिवाणू आणि यीस्ट (एक प्रकारची बुरशी) वाढतात आणि खाज आणखी भडकते. कानाला-पंजाला आंबूस वास, तेलकटपणा, चाटून तपकिरी झालेले केस, ही यीस्टची लक्षणं. ते असेल तर अॅलर्जीचं कितीही चांगलं औषध द्या, फरक अर्धाच पडतो. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा शॅम्पू मिळाला तर तो लावून दहा मिनिटं घड्याळ लावून थांबा आणि मगच धुवा. लगेच धुतला तर वाया जातो. माणसांचा शॅम्पू आणि टी ट्री ऑइल नको.

खाण्याबद्दल: ब्रँड बदलणं म्हणजे चाचणी नव्हे, कारण पिशव्या वेगळ्या असल्या तरी आत पुष्कळदा तेच चिकन असतं. डॉक्टर ठरवून देतील ते एकच खाणं, निदान 8 आठवडे, मध्ये बिस्कीट नाही, चव लावलेली गोळी नाही, ताटातला तुकडा नाही. सुधारला तर जुनं खाणं पुन्हा देऊन बघायचं. खाज परतली तरच निदान पक्कं. रक्ताच्या, केसांच्या चाचण्यांतून खाण्याची अॅलर्जी कळते असं कुणी सांगितलं तर पैसे वाचवा.

हे सगळं बाजूला सारल्यावर जे उरतं ते वातावरणातल्या अॅलर्जीचं निदान. त्यासाठी एकच ठोस चाचणी नाही. अॅलर्जीच्या चाचण्या होतात त्या कशासाठी, तर शरीराला त्या गोष्टींची हळूहळू सवय व्हावी म्हणून द्यायच्या इंजेक्शनांत काय घालायचं ते ठरवण्यासाठी. त्यांचा गुण यायला अनेक महिने लागतात.

तोवर खाज आवरायला औषधं आहेत. स्टेरॉइडने पटकन उतरते, पण तहान, भूक, लघवी वाढते आणि दीर्घकाळ देणं बरं नाही. ऑक्लासिटिनिबच्या गोळ्या एक वर्षाच्या आतल्या पिल्लाला देत नाहीत. लोकिव्हेटमॅबचं इंजेक्शन साधारण 4 ते 8 आठवडे टिकतं. यातलं काय, किती, ते डॉक्टरच ठरवतील. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याच्या कुत्र्याकडून घेऊ नका, हे हसण्यावारी नेऊ नका, मी घेतल्या होत्या.

आमच्या कुत्रीत शेवटी तिन्ही निघाली: पिसवा, यीस्ट आणि वातावरणातली अॅलर्जी. पहिली दोन गेली तेव्हाच निम्मी खाज उतरली होती. रोज रात्री 10 पैकी किती खाजवलं याचा आकडा वहीत लिहायचो, म्हणून तरी ते कळलं. अॅलर्जी आहे, ती राहणार, आवरत राहायची.

आणि दवाखान्यात नेण्याआधी दोन-तीन दिवस आंघोळ घालू नका. मी स्वच्छ न्हाऊ घालून, पावडर लावून नेली होती. डॉक्टरांनी पट्टी दाबली, सूक्ष्मदर्शकात डोकावले आणि म्हणाले, "छान धुतलीय हो. परवा पुन्हा आणा, न धुता."