जुन्या मर्सिडीज ई-क्लासमध्ये अधूनमधून ‘बॅटरी/अल्टरनेटर’चा लाल मेसेज येतो, वर्कशॉप सॅम मॉड्यूल (फ्यूज-रिले सांभाळून करंट वाटणारा कॉम्प्युटर) बदला म्हणतंय. बदलावं का?

नका बदलू. आधी लोडवर, म्हणजे दिवे-ब्लोअर सगळं चालू ठेवून, व्होल्टेज मोजून घ्या, मग काय ते ठरवा.

तुम्ही लिहिलंय की गाडी 2008 ची ई 280 सीडीआय आहे. ‘बॅटरी/अल्टरनेटर, व्हिजिट वर्कशॉप’ असा लाल मेसेज कधीतरीच येतो, कधी ‘कन्व्हीनियन्स फंक्शन्स’ तात्पुरती बंद असल्याचं दिसतं, आणि सकाळी पाहावं तर सगळं साफ. बॅटरी गेल्याच वर्षी नवी टाकली आहे. आता मागचं सॅम बदला म्हणून लाखाच्या वरचं कोटेशन हातात आलंय. एवढ्यावर थांबला असता तर मी कदाचित दोन ओळींत उत्तर दिलं असतं. पण शेवटी तुम्ही म्हणताय, ‘साधा वायरमन या गाडीला हात लावू शकत नाही असं सगळे सांगतात.’ हे वाक्य मी माझ्या घरात पुष्कळ ऐकलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, साताऱ्यात ऑटो इलेक्ट्रिशियन होते. कारखान्याचे ट्रॅक्टर, ट्रका, जीपगाड्या, अँबॅसिडर. डायनॅमो भरून देणं, स्टार्टरचे कार्बन बदलणं, अख्खी वायरिंग नव्याने ओढणं. शाळा सुटली की मी दुकानात असायचो. माझा चुलतभाऊही त्याच दुकानात पान्हे उचलत शिकला. आज पुण्यात त्याचं मोठं गॅरेज आहे, दोन-तीन भारी स्कॅनर आहेत. त्याचं ठाम मत असं, की अण्णांचा धंदा संपला, कारण आता गाडीच सांगते काय बिघडलंय. आमचा वाद इथे आहे.

माझी गाडी तुमच्याच पिढीची, 2007 ची ई 280 सीडीआय, सेकंडहँड घेतलेली. पहिल्याच पावसाळ्यात, रात्री खंबाटकी चढताना तुमच्यासारखाच लाल मेसेज. वायपर फुल, हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा डिमिस्टर, सगळं चालू होतं. आधी डिमिस्टर आपोआप बंद झाला, मग ब्लोअर मंदावला, मग मेसेज. घाट उतरून पाऊस थांबल्यावर मेसेज गायब. पुण्यातल्या एका वर्कशॉपने स्कॅनर लावला तर एररची ही लांबलचक यादी: ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा), स्टीअरिंग अँगल, सीटचं मॉड्यूल, मागचं सॅम. त्यांनी सॅम आणि अल्टरनेटर दोन्ही सांगितले. चुलतभावाने स्वतःचा स्कॅनर लावला, त्यालाही तेच दिसलं आणि त्यानेही तेच सांगितलं.

मी गाडी साताऱ्याला नेली. चुलतभाऊ सोबत आला होता. तो म्हणाला, “काका, ही जीप नाही. यात डझनांनी कॉम्प्युटर आहेत.” अण्णा म्हणाले, “असू देत की. त्या कॉम्प्युटरांना करंट कुठनं येतो? अर्थिंग बघितलं का कुणी?”

कुणीच बघितलं नव्हतं.

या गाडीची बॅटरी डिकीत आणि अल्टरनेटर पुढे इंजिनवर. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं, म्हणजे बॉडीशी त्याचा विजेचा संबंध जोडणारी मुख्य गोष्ट एकच: खालून, गिअरबॉक्सच्या बाजूने बॉडीला जाणारी विणलेल्या तारांची अर्थिंगची पट्टी. अल्टरनेटरचा सगळा करंट परत येतो तो तिच्यातून. अण्णांनी डिकीतल्या निगेटिव्हपासून बॉनेटपर्यंत एक लांब वायर ओढली, मला इंजिन चालू करायला लावलं आणि हेडलाइट, ब्लोअर, डिमिस्टर, वायपर सगळं एकदम चालू करायला सांगितलं. अल्टरनेटरवर 14.2 व्होल्ट. डिकीतल्या बॅटरीवर 13.1. म्हणजे 1.1 व्होल्ट वाटेत कुठेतरी जात होते. पॉझिटिव्हच्या बाजूला 0.2 मिळाले, ते ठीक. इंजिनच्या ब्लॉकपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत 0.9. अल्टरनेटर उत्तम होता, सॅम उत्तम होतं. रॅम्पवर घेऊन खालचं कव्हर काढलं तर पट्टीच्या निम्म्या तारा तुटलेल्या, उरलेल्या हिरव्या पडलेल्या आणि बोल्टखाली पांढरा बुरा. इतकी वर्षं पावसात चाललेल्या कुठल्याही गाडीत हे होतं.

आता ‘अधूनमधून’ का, ते बघा. त्या जोडाचा अडथळा होता एक शतांश ओहम. दिवसा, कोरड्या रस्त्यावर लोड 20 अँपिअर असेल तर तिथे 0.2 व्होल्ट जातात, गाडीला पत्ताही लागत नाही. रात्री पावसात लोड 90 अँपिअरवर गेला की 0.9 व्होल्ट जातात. बॅटरी नीट चार्ज होत नाही, व्होल्टेज आणखी पडतं, आणि गाडी स्वतःला वाचवायला आधी डिमिस्टर, सीट हीटर, ब्लोअर अशा चैनीच्या गोष्टी तोडते. बिघाड चोवीस तास तिथेच असतो, फक्त करंट वाढला की तो दिसतो. म्हणून वर्कशॉपमध्ये एसी बंद, दिवे बंद करून उभ्या गाडीवर घेतलेलं कुठलंही माप फुकट आहे. मीटर ओहमवर ठेवून पट्टी तपासणं तर त्याहून फुकट. मीटरच्या वायरींचाच अडथळा या बिघाडाच्या कितीतरी पट असतो, काटा शून्याजवळच दिसणार आणि पट्टी चांगली आहे असा शेरा मिळणार.

नवी पट्टी दोन हजारांच्या आत आली. दोन्ही टोकांना धातू चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपर मारला, बोल्ट कसले, वरून ग्रीस. 0.9 चे 0.06 झाले. एरर पुसले, ते पुन्हा आले नाहीत. चुलतभाऊ म्हणाला, “नशीब.” हा शब्द मला आजही सहन होत नाही. ज्या माणसाने लोड टाकला, वाट दोन तुकड्यांत विभागली आणि नेमक्या तुकड्यावर बोट ठेवलं, त्याच्या कामाला नशीब म्हणायचं? तो म्हणतो जर्मन गाडी वायरमनला कळत नाही. ओहमने आपला नियम 1827 साली जर्मनीतच छापला, आणि अण्णा आयुष्यभर त्याच नियमावर पोट भरत आले. शिवाय आपल्या या गाड्या जोडल्या गेल्या पिंपरीत. परग्रहावरून आलेल्या नाहीत.

स्कॅनरला माझा विरोध नाही. यादी जरूर काढा, पण वाचा. एकाच वेळी पाच-सहा मॉड्यूल ‘व्होल्टेज कमी’ किंवा ‘संपर्क तुटला’ म्हणत असतील तर ती सगळी एकदम बिघडलेली नसतात, त्यांना पोसणारी वाट बिघडलेली असते. सॅमने व्होल्टेज कमी असल्याची तक्रार नोंदवली आणि लोकांनी तक्रार करणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवलं. तुमच्या कोटेशनमध्येही मला तेच दिसतंय.

तुमच्या गाडीत अर्थिंगच असेल असं मी छातीठोकपणे सांगत नाही. बॅटरी रात्रभर उभी ठेवून सकाळी मोजा. 12.6 व्होल्टच्या वर हवी, 12.2 म्हणजे निम्मी उतरलेली. उभ्या जागी रोज उतरत असेल तर गाडी बंद असतानाही वाहणारा चोरटा करंट शोधा: गाडी लॉक करून अर्धा-पाऊण तास सगळी मॉड्यूल झोपू द्या, मग 50 मिलिअँपिअरपेक्षा जास्त दिसला तर फ्यूज उपसत बसू नका, प्रत्येक फ्यूजच्या पाठीवर मिलिव्होल्ट मोजा. फ्यूज उपसून परत बसवला की झोपलेलं मॉड्यूल जागं होतं आणि माप बिघडतं. नवी बॅटरी एजीएम (सीलबंद, ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेली) आहे की साधी, तेही बघा. डिकीत साधी टाकली असेल तर तिच्या गॅसची नळी बाहेर सोडलेली आहे ना, याची खात्री करा. आणि डिकीचं कार्पेट उचलून हात फिरवा. टेललाइटच्या सीलमधून पाणी आत येतं, आणि मागचं सॅम डिकीतच आहे. ते खरोखर भिजलेलं असेल, कनेक्टर हिरवे झाले असतील, तर मात्र वर्कशॉप बरोबर आहे आणि माझं वरचं पहिलं वाक्य मागे. तसंच वायपरखालच्या जाळीत पानं साचून पाण्याची वाट बुजली असेल तर ती मोकळी करा, झाडाखाली गाडी लावत असाल तर दर पावसाळ्यापूर्वी.

अण्णांचा टेस्ट लॅम्प म्हणजे इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब आणि दोन वायरी. तो पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणून एकाच तारेवर लटकलेली वायरही तो पकडतो. मीटर तिथे खुशाल 12 व्होल्ट दाखवतो. दिव्यांच्या, हॉर्नच्या, फॅनच्या वायरीला तो जरूर लावा. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरना आणि कॉम्प्युटरच्या सिग्नलच्या वायरींना चुकूनही नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाची 2006 च्या फेसलिफ्टआधीची ई-क्लास असेल तर त्यांना वेगळं सांगतो. तिचे ब्रेक एसबीसीचे, म्हणजे विजेवर चालणाऱ्या पंपाचे आहेत. त्या गाडीत लाल मेसेज आला की चालवून बघू असं करू नका, आणि स्कॅनरने यंत्रणा निष्क्रिय केल्याशिवाय ब्रेक पॅडला हात लावू देऊ नका. नुसतं दार उघडलं तरी पंप दाब भरू शकतो, बोट जाईल. कंपनीने 2005 साली 13 लाख गाड्या परत बोलावल्या होत्या, त्यात अल्टरनेटरचे व्होल्टेज रेग्युलेटर आणि ब्रेकही होते. तुमची गाडी त्या काळातली असेल तर ते काम झालंय का, जुन्या नोंदी काढून बघा.

तुम्हाला एवढंच करायचंय. कोटेशन देणाऱ्याला सांगा, इंजिन चालू ठेवून सगळा लोड टाका आणि इंजिन ब्लॉक ते डिकीतली बॅटरी निगेटिव्ह हे माप माझ्यासमोर घ्या. 0.2 व्होल्टच्या आत आलं तर अर्थिंग निर्दोष, पुढे पॉझिटिव्ह बाजू, मग पाणी, मग सॅम, या क्रमाने जा. माप घ्यायला तो नाही म्हणाला तर गाडी तिथून काढा आणि हातात मीटर धरणाऱ्या एखाद्या जुन्या वायरमनकडे न्या.