मध्ययुगीन सचित्र हस्तलिखितातला राजा नेमका कोण, हे कसं ओळखायचं?

चेहऱ्यावरून ओळखायला गेलात तर फसाल. त्या चित्रकारांना हुबेहूब चेहरा काढायचाच नसे; मुकुट घातला, राजा झाला. आधी ढालीवरची चिन्हं बघा. नुसते तीन सोनेरी सिंह असतील तर इंग्लंडचा राजा, 1340 पूर्वीचा. त्या वर्षी तिसऱ्या एडवर्डने फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगितला, तेव्हापासून सिंहांशेजारी फ्रेंच लिलीची फुलं येतात.

मग समास तपासा, खरी गंमत तिथेच असते. ब्रिटिश लायब्ररीतलं टॅलबट-श्रूजबरी हस्तलिखित घ्या (संग्रह क्रमांक रॉयल 15 ई 6, साधारण 1444-45). दुसऱ्या पानाच्या मागच्या बाजूला इंग्लिश सरदार जॉन टॅलबट गुडघे टेकून राणीला ग्रंथ देतोय. सोबत पांढरा कुत्रा, कारण त्या जातीच्या शिकारी कुत्र्यालाच 'टॅलबट' म्हणत. समासात डेझीची फुलं आहेत. फ्रेंचमध्ये डेझी म्हणजे 'मार्गरिट'. म्हणजे राणी अंजूची (फ्रान्समधला प्रांत) मार्गारेट, शेजारी नवरा सहावा हेन्री.

एक धोका: ग्रंथाचा मालक बदलला की ढाली पुन्हा रंगवून घेत. त्यामुळे चिन्ह एकाचं आणि लिपीचं वळण व पोशाख आधीच्या काळातले, असं दिसलं तर लिपीवर जास्त विश्वास ठेवा.