टेराटोमा काढल्यावर एएफपी 'हाय' आलंय? आधी नेमका आकडा मागा

ताई, तीन आठवड्यांच्या मुलीच्या थायरॉइडमधला टेराटोमा (जन्मतः असलेली गाठ) काढला, बायॉप्सीत 'बिनाइन (साधी), इमॅच्युअर (अपक्व पेशींची)' आलं आणि एएफपीपुढे (अशा गाठीनंतर रक्तात मोजतात ते प्रथिन) लॅबने '१००० पेक्षा जास्त, हाय' छापलं, असं तुम्ही लिहिलंय. तान्ह्या बाळाच्या गाठीत 'इमॅच्युअर' म्हणजे कॅन्सर नव्हे. आणि तो 'हाय' मोठ्या माणसांच्या मापाने लावलेला आहे. जन्मतः नॉर्मल बाळाचं एएफपी मिलीलिटरमागे ४०-५० हजार नॅनोग्रॅमही असतं. दहाच्या खाली यायला आठ-दहा महिने जातात.

लॅबची खरी चूक म्हणजे नेमका आकडा न देता '१००० पेक्षा जास्त' एवढंच छापणं. आम्हालाही तीच सगळ्यात महागात पडली. ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही रिपोर्ट असेच आले. मग उतार मोजायचा कशावरून? लॅबचं नाव घेत नाही, पण 'मशीन एवढंच दाखवतं' हे उत्तर ऐकून घेऊ नका. रक्ताचा नमुना डायल्यूट (पातळ) करून पुन्हा लावला की नेमका आकडा मिळतो. रिपोर्ट येईल त्याच दिवशी लॅबला फोन करा, उरलेलं सीरम (तपासणीसाठी वेगळा केलेला रक्ताचा भाग) टाकून देतात. पुढची प्रत्येक तपासणी त्याच लॅबमध्ये करा आणि एकक बघा: १ आययू म्हणजे साधारण १.२ नॅनोग्रॅम.

पहिले दोन आठवडे आकडा ५-६ दिवसांत निम्मा होतो, दोन महिन्यांपर्यंत साधारण ११ दिवसांत, पुढे त्याला महिनाही लागतो. त्यामुळे वेग मंदावला तर घाबरू नका. आकडा चढला तर मात्र लगेच सर्जनना गाठा.

जन्मानंतरची टाचेच्या रक्ताची थायरॉइड तपासणी नॉर्मल होती म्हणून निर्धास्त राहू नका, ती ऑपरेशनच्या आधीची. आता टीएसएच, फ्री टी-४ (दोन्ही थायरॉइडच्या तपासण्या) आणि कॅल्शियम नव्याने करायला हवं. हातपाय झटकायला लागली तर रात्रीसुद्धा थेट इमर्जन्सीत न्या, कॅल्शियम उतरलेलं असू शकतं.

थायरॉक्सिन (थायरॉइड कमी पडल्यास देतात ते औषध) सुरू झालं तर (डोस वजनावर, तो डॉक्टरच ठरवतील, मी डॉक्टर नाही) गोळी चमच्यात चुरून थोड्या पाण्यात किंवा आईच्या दुधात लगेच पाजा. बाटलीभर दुधात घातली आणि दूध उरलं, तर औषधही उरलं. केमिस्टकडून सिरप बनवून घेऊ नका, त्यात औषधाची ताकद टिकत नाही. कॅल्शियम किंवा लोहाचे थेंब चालू असतील तर मध्ये चार तास जाऊ द्या. हे डिस्चार्ज कार्डावर बहुधा लिहिलेलं नसतं आणि मग डोस वाढवूनही टीएसएच उतरत नाही.