घडीची सायकल विमानातून नेताना

प्रश्न: माझ्या घडीच्या सायकलची चाकं 20 इंची आहेत, वजन 12 किलो. पहिल्यांदाच ती विमानाने न्यायची आहे. सायकलसोबत मिळालेल्या कापडी पिशवीत घालून दिली तर चालेल का? टायरमधली सगळी हवा काढावी लागते का?

उत्तर: ती पिशवी गाडीच्या डिकीत ठेवायला ठीक आहे. विमानात मी ती एकदाच दिली. उतरून सायकल उघडतो तर डिरेलरचा (गियर बदलताना साखळी सरकवणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो चौकटीला धरणारी पट्टी, आत वाकलेला. हलका गियर टाकला की डिरेलर आऱ्यांना घासायचा, म्हणून चढ आला की मी उतरून ढकलायचो. आठ दिवस हेच!

घडीच्या सायकलची चौकट सहसा टिकते, मार बसतो तो बाजूला डोकावणाऱ्या भागांना. तेव्हा डिरेलर सोडवा (बहुतेकांना 5 मिमीची एलन की, म्हणजे षटकोनी किल्ली, लागते), फडक्यात गुंडाळा आणि चौकटीच्या आतल्या बाजूला बांधून टाका. पायडलं काढा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की सुटतं. हे विसरून मी एकदा बोटांची सालं काढून घेतली आहेत. सीटचा दांडा काढून कपड्यांत ठेवा, आणि घडी घातल्यावर दोन चाकांच्या मध्ये जाड पुठ्ठा सरकवा. सुटे नटबोल्ट एका छोट्या पिशवीत घालून ती चौकटीलाच बांधा. पाने-किल्ल्या अशी अवजारं चेक-इनच्या सामानातच जाऊ द्या.

खोकं किंवा बॅग घेण्याआधी टेपने माप घ्या. अनेक विमान कंपन्या लांबी, रुंदी, उंची मिळून 158 सेंटिमीटरपर्यंतचं सामान साधं धरतात. 16 इंची चाकांची ब्रॉम्प्टन (घडीच्या सायकलचा एक ब्रँड) घडी घातल्यावर 150च्या आसपास बसते. 20 इंची सायकल बहुधा 175-180 वर जाते. मग एक तर पुढचं चाक आणि हँडलचा दांडाही सोडवायचा, नाहीतर क्रीडासाहित्य म्हणून आधी नोंद करायची. मी दुसरा मार्ग धरतो. तासभर सायकल खोलत बसण्यापेक्षा एक फोन परवडतो.

हवा सगळी काढू नका. सामानाच्या कप्प्यातही केबिनसारखाच दाब राखलेला असतो, त्यामुळे टायरमधला दाब तीन-चार पीएसआयनेच (हवा भरताना दाब मोजायचं एकक) वाढल्यासारखा होतो. तेवढ्याने टायर फुटत नाही. कंपनीने सांगितलं तर निम्मी सोडा. पार सपाट टायरमुळे आदळआपट थेट रिमवर येते. पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेत ठेवा.

आणखी एक. सुरक्षा तपासणीत बॅग उघडली गेली की परत भरणाऱ्याला तुमची रचना ठाऊक नसते. मी बांधलेल्या सायकलचा फोटो छापून झाकणाला आतून चिकटवतो. पोहोचल्यावर स्वार होण्याआधी बिजागरीचा खटका पूर्ण बसलाय का, ते हाताने हलवून पाहा.