उशाशी मोबाइल आणि मेंदूतली गाठ

प्रश्न : माझ्या जाऊबाईंना ५२व्या वर्षी मेनिन्जिओमा (मेंदूच्या आवरणातली गाठ) निघाला. सासूबाई म्हणतात, उशाशी मोबाइल घेऊन झोपायची, त्याचंच हे फळ. खरं का? – एक वाचक, कराड

उत्तर : ताई, आधी जाऊबाईंच्या मनातून हा दोष काढा. मोबाइलने अशी गाठ होते, हे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालेलं नाही. बाहेरून येणारं एक पक्कं कारण म्हणजे डोक्याला दिलेलं रेडिएशन. १९५०च्या सुमारास इस्रायलमध्ये डोक्यावरच्या गजकर्णासाठी हजारो मुलांना क्ष-किरण दिले गेले. कित्येक वर्षांनी त्यांच्यात याच गाठी जास्त आढळल्या. म्हणून मी पेशंटला विचारतोच, लहानपणी डोक्याला ‘लाइट’, म्हणजे रेडिएशन, दिली होती का? घरात कुणाला न्यूरोफायब्रोमॅटोसिस (नसांवर गाठी येणारा आनुवंशिक आजार) आहे का? बायकांत ही गाठ जास्त दिसते, वयाबरोबर तिचं प्रमाणही वाढतं. बहुतेकदा कारण सापडत नाही. सासूबाईंना हे वाचून दाखवा, जाऊबाईंसमोरच.